मदत हवी आहे: दर्या सगळ्यांचा, मग राखायचा कुणी?

नमस्कार मंडळी. मी मालवणची, घरी रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा धंदा. पुढच्या आठवड्यात आमच्या मच्छीमार सोसायटीच्या बैठकीत मला बोलायचंय.

परवा रापण ओढली, तर टोपलीत बोटाएवढे बांगडे. बाबा म्हणाले, "पिल्लं सोडली तरी उद्या दुसरा कोणीतरी नेणारच." मला वाटतं, बाजार फसतो तो नेमका इथे. मासळी कमी झाली की भाव चढतो आणि जो तो आणखी खोल जाळं टाकतो. नुकसान मात्र सगळ्यांच्या वाट्याला.

सरकारने काही केलं नाही असं नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते, एलईडी मासेमारीवर (रात्री प्रखर दिवे लावून मासे गोळा करून पकडण्यावर) केंद्राने २०१७ मध्येच बंदी घातली, राज्याने १९८१ च्या सागरी मासेमारी कायद्यातला दंड २०२१ मध्ये वाढवला. तरी रात्री क्षितिजावर लखलखाट दिसतोच.

एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकी अभ्यासक बाईंना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते गावंच आपली सामायिक संपत्ती नीट राखू शकतात हे दाखवल्याबद्दल. आपल्या किनाऱ्यावर कुठल्या गावाने जाळ्याच्या आसाचा (भोकाच्या आकाराचा) नियम स्वतः ठरवून पाळलाय का? मोडणाऱ्याला दंड कोण करतं? हर्णै, वेंगुर्ला, देवगडकडच्यांनी कृपया सविस्तर लिहा.