भिंतीची ताकद मशीनखाली कळते का?

ओळंबा
लोकहो, आज जरा भांडायच्या मूडमध्ये आहे. गेले दोन महिने वीटकाम-दगडकामाच्या मजबुतीवरचे पेपर वाचतोय आणि माझं मत असं झालंय की यातलं निम्म्याहून जास्त संशोधन भलत्याच गोष्टीच्या मागे लागलंय. पाच विटा एकावर एक रचायच्या, मधे मसाला (अशा थराला प्रिझम म्हणतात), २८ दिवस थांबायचं, मशीनखाली ठेवून काही मिनिटांत फोडायच्या आणि आकडा लिहायचा. पण भिंत अशी मरते कुठे? साधा हिशोब करा. वीटकामाचं वजन घनमीटरला २० किलोन्यूटन धरा, २० मीटर उंच भिंतीच्या तळाशी तिच्याच वजनाचा दाब येतो ०.४ मेगापास्कल. आता १० मेगापास्कल ताकदीची भरीव वीट आणि ५ चा मसाला घेऊन युरोकोड ६ चं, म्हणजे युरोपच्या वीटकाम-दगडकामाच्या मानकाचं, सूत्र लावा, वीटकामाची ताकद येते साडेचारच्या आसपास. अकरा पट! तिला चिरडून मरायची काही घाई नाहीये. इंग्लंडच्या जॅक हेमन या अभियंत्याने १९६६ मध्येच मांडलंय की दगडी बांधकामात प्रश्न दगडाच्या ताकदीचा नसतो, आकाराचा असतो, भार ज्या रेषेने खाली उतरतो ती रेषा बांधकामाच्या जाडीच्या आत राहिली की झालं. भिंतीला खातं ते पाणी, क्षार, गंजणारं लोखंड आणि काळ. त्यावर संशोधन करा की.

प्रिझमफोड्या
नाव बघून कळलंच असेल मी काय करतो, तेव्हा लागलंच मला हे. तुमच्या हिशोबात स्लॅब नाही, खिडक्या नाहीत, भार मध्यावर न येता कडेला येतो ते नाही, उंच आणि बारीक भिंत वाकते ते नाही आणि सेफ्टी फॅक्टर तर नाहीच. हे सगळं धरलं की ते अकरा पट कुठल्या कुठे जातं.
आणि "फोडून आकडा लिहायचा" म्हणताय, एकदा समोर उभे राहून बघा. भार वाढत असतो, बराच वेळ काहीच होत नाही, मग बारीक कट्ट असा आवाज येतो आणि मधल्या विटेत उभी चीर दिसते, आडवी नाही, उभी. कारण मसाला विटेपेक्षा मऊ, दाबला की बाजूला पसरायला बघतो आणि जाताना विटेला दोन्हीकडून ओढतो. वीट दाबाने नाही, ताणाने फुटते. म्हणून वीटकाम सुट्या विटेपेक्षा इतकं कमजोर. तुम्ही ज्या सूत्राने मला हरवताय ना, त्यात विटेच्या ताकदीला घात ०.७ आणि मसाल्याच्या ताकदीला ०.३, ते घात असली शेकडो प्रिझम फोडूनच आलेत. अर्थ काय, तर मसाल्याची ताकद दुप्पट केली तरी वीटकाम जेमतेम २३ टक्के वाढतं, वीट दुप्पट केली तर ६२. साइटवर "अजून सिमेंट घाल" म्हणणाऱ्याला हे मशीननेच सांगितलं.

चुनखडी
हेच तर! मसाला कडक करून फायदा एवढासा आणि तोटा केवढा. जुन्या मऊ विटांच्या भिंतीत सिमेंटच्या दर्जा (विटांमधल्या सांध्यांच्या फटी) भरल्या की ओल सांध्यातून बाहेर पडायची बंद होते, मग ती विटेतून वाट काढते, क्षार विटेच्या आत जमतात आणि वर्षा-दोन वर्षांत विटेचे पापुद्रे सुटायला लागतात. सांधा तसाच पुढे, वीट आत गेलेली. चुन्याचा सांधा स्वतः झिजतो, वीट वाचते, दर्जा परत भरता येतात, वीट परत येत नाही. रोमन लोकांचं बघा, २०२३ च्या एमआयटीच्या कामात दाखवलंय की त्यांच्या मसाल्यातले चुन्याचे पांढरे खडे म्हणजे कच्चं कालवलेलं नव्हे, चीर पडून पाणी आत गेलं की त्यातला चुना विरघळतो आणि चिरेत कॅल्साइट होऊन बसतो. त्यांनी तसे नमुने बनवून मुद्दाम तडे पाडले तर दोन आठवड्यांत पाणी झिरपायचं थांबलं. आपण काय शिकलो?

अर्धीवीट
आलं रोमन पुराण. अहो जे पडलं ते तुम्हाला दिसणारच कसं? उभं राहिलेलं तेवढं मोजायचं आणि म्हणायचं जुन्यांना सगळं कळत होतं. फ्रान्समधल्या बोव्हेच्या कॅथेड्रलचं कमानी छत १२८४ मध्ये कोसळलं, व्हेनिसचा घंटामनोरा १४ जुलै १९०२ ला भर चौकात खाली आला (माणूस एकही दगावला नाही, राखणदाराची मांजर तेवढी गेली). दोन्ही चुन्यातलीच कामं. आणि साधा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत बाहेरून आत घट्ट होत जातो, जाड भिंतीच्या पोटात तो वर्षानुवर्षं मऊच असतो. नव्या कामाला हे कुणाला परवडणार आहे? मऊ विटांच्या जुन्या भिंतीला चुना, मान्य. सरसकट नाही.

ओळंबा
मनोऱ्यांचं नाव काढलंत ते बरं झालं. पाव्हिया, इटली. १७ मार्च १९८९ ला तिथला मध्ययुगीन मनोरा कोसळला, चार माणसं गेली. भूकंप नाही, वादळ नाही. बाहेर विटांची पातळ कातडी, आत दगड-विटांचे तुकडे आणि चुना कोंबलेला, आणि सोळाव्या शतकात वर जड घंटाघर चढवलेलं. मिलानच्या पॉलिटेक्निकमध्ये लुइजिया बिंदा आणि सहकाऱ्यांनी ढिगाऱ्यातले तुकडे तपासून दाखवलं की फुटण्याच्या भारापेक्षा कमी भार सतत राहिला तरी वीटकाम हळूहळू बसत जातं, बारीक चिरा वाढत राहतात आणि एक दिवस वेग वाढून संपतं. हे तुमच्या पाच मिनिटांच्या चाचणीत दिसलं असतं का, प्रिझमफोड्या?

प्रिझमफोड्या
पाच मिनिटांत नसतं दिसलं, कबूल. पण बिंदाबाईंनी ते कशावर दाखवलं? मशीनवरच ना! भार टप्प्याटप्प्याने वाढवला, प्रत्येक टप्प्यावर थांबल्या, वीटकाम किती दबत गेलं ते मोजलं. आणि कमी भार म्हणजे नेमका किती कमी, हे कळायला आधी फुटायचा भार माहीत हवा, तो माझ्याच रटाळ चाचणीतून येतो. शिवाय तुमच्या लाडक्या टिकाऊपणाच्या चाचण्या तरी काय सोवळ्या आहेत? दगडाची क्षारांची चाचणी घ्या, सोडियम सल्फेटच्या पाण्यात दोन तास बुडवा, १०५ अंशाला वाळवा, असं १५ वेळा. कुठल्या भिंतीला असा छळ सोसावा लागतो? त्यात पास झालेला दगड बाहेर किती वर्षं टिकेल ते सांगा, मी पार्टी देतो.

हादरा
दोघंही उभ्या भाराचंच दळण दळताय. भूकंपात भिंत चिरडत नाही, ती आडवी पडते, नाहीतर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी फाटते. तिथे कामाला येतो तो विटा-मसाल्याचा बंध, जो आपण सर्वात कमी मोजतो. कोरडी तापलेली वीट मसाल्यातलं पाणी शोषून घेते आणि मसाला तिला धरतच नाही, हाताने वीट उचला, खाली मसाला तसाच राहतो, विटेच्या बुडाला कणही लागलेला नसतो. प्रिझमचा आकडा तरीही बरा येऊ शकतो! १९३९ च्या चिलीच्या भूकंपात काँक्रीटच्या बारीक कॉलम-बीमने चारी बाजूंनी बांधलेल्या भिंतींची घरं साध्या वीटकामापेक्षा कितीतरी चांगली राहिली, ते काही विटेच्या ताकदीमुळे नाही.

चुनखडी
लोखंड घातलं की गंज आलाच पण. अथेन्सच्या पार्थेनॉन या प्राचीन मंदिराच्या दगडांत मूळ कारागिरांनी लोखंडी क्लॅम्प बसवताना भोवती शिसं ओतलं होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बालानोस या ग्रीक अभियंत्याने दुरुस्तीत लोखंड घातलं, पण शिशाशिवाय, गंजून फुगलं आणि त्याने संगमरवर फोडला. आता ते काढून टायटॅनियम घालत बसलेत. लोखंड आत गेलं की टिकाऊपणाचं घड्याळ सुरू होतं.

हादरा
म्हणजे लोखंड वाईट नाही, शिसं विसरणं वाईट. लोखंडावर काँक्रीटचं कव्हर नीट द्या. भूकंपात मरण्यापेक्षा पन्नास वर्षांनी गंजाची दुरुस्ती मी आनंदाने करीन.

ओळंबा
बरं, प्रिझमफोड्या, एवढं मानतो की तुमच्या आकड्याशिवाय पुढचं कुलूप उघडत नाही. पण मग तेच प्रिझम फोडू नका ना, निम्म्या भाराखाली पाच वर्षं ठेवा आणि दर महिन्याला मोजा.

प्रिझमफोड्या
पाच वर्षं? लॅबमध्ये मशीन एक आणि रांगेत विद्यार्थी आठ.

ओळंबा
मशीन कशाला हवंय, तरफ लावा आणि वजनं टांगा.

प्रिझमफोड्या
टांगतो. दोन वर्षांत माझी डिग्री संपते, त्यानंतर दर महिन्याला मोजायला तुम्ही येणार का ते सांगा आधी.