प्रति: एनओसी आली की लगेच तिकीट काढावं का?

परदेशात राहून भारतातलं मूल दत्तक घेणाऱ्यांना वर दिलेल्या 'काराची (केंद्र सरकारच्या दत्तक प्राधिकरणाची) एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, आलं की लगेच भारताचं तिकीट काढा, नंतर भाडं वाढतं' या सल्ल्याशी असहमत. ताई-भावजी अमेरिकेत असतात, बाळ पुण्यातल्या संस्थेतलं. त्यांनी नेमकं हेच केलं आणि तिकीट दोनदा पुढे ढकलावं लागलं. एनओसीनंतर जिल्हाधिकाऱ्यांचा दत्तक आदेश लागतो (सप्टेंबर २०२२ पासून, त्याआधी हे काम कोर्टाकडे होतं). कायद्यात दोन महिन्यांची मुदत आहे, पण आमची फाइल त्याहून जास्त रेंगाळली. आदेश मिळाल्यावर जन्मदाखला, पासपोर्ट, हेग कराराच्या (देशादेशांतल्या दत्तकाबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार) कलम २३ खालचं प्रमाणपत्र, मग व्हिसा. व्हिसासाठी पुन्हा पुणे-दिल्ली वारी. सुटी मोजकीच असेल तर आदेश हातात पडेपर्यंत थांबा, चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

त्या रिकाम्या महिन्यांत ताईने एक गोष्ट फार चांगली केली, ती इथे कुणी लिहिलेली दिसली नाही. संस्थेला विचारून तिने जाड पुठ्ठ्याचा अल्बम पाठवला: आई, बाबा, जिना, पलंग, कुत्रा. कोथरूडहून रिक्षाने मीच नेऊन दिला. तिथल्या मावशी रोज झोपताना तो दाखवायच्या. ताई आली तेव्हा पोरगी तिच्याकडे बघेचना, मावशींच्या पदराआड लपली. भावजींनी मोबाइलवर कुत्र्याचा फोटो दाखवला, तर पदरातूनच बोट बाहेर आलं, "बंड्या!" आईबाबांचा नंबर तिसऱ्या दिवशी लागला.