शब्दचर्चा: ‘अनसेट’ला मराठीत काय म्हणावं?

नांदेड: पोरांना पीएचपी ही वेबसाइट बनवायची प्रोग्रॅमिंग भाषा शिकवायलोय. व्हेरिएबलला, म्हणजे किंमत ठेवायच्या नावाला, ‘चल’ म्हणतो, तिथवर ठीक. चल काढून टाकणारं अनसेट आलं की अडतं. ‘रिकामं करणे’ सांगितलं, तर पोरं चलात मोकळी स्ट्रिंग (एकही अक्षर नसलेला मजकूर) ठेवतात अन् म्हणतात, झालं सर अनसेट. दुसरा शब्द सुचवा.

लातूर: मोकळी स्ट्रिंग असली तरी चल जागेवरच, चल आहे का ते तपासणारं इससेट ‘ट्रू’च (हो) देणार. ‘नष्ट करणे’ घ्या की सरळ.

बीड: नष्ट नको, दादा. अनसेट किमतीला हात लावत नाही, नाव काढतं. अ आणि ब ही दोन नावं रेफरन्सनं एकाच किमतीला जोडा. अ अनसेट करा, ब जसाच्या तसा राहतो. त्याऐवजी अ मध्ये नल (‘काही नाही’ ही किंमत) टाका, ब पण नल! फंक्शनमध्ये (कोडच्या वेगळ्या तुकड्यात) ‘ग्लोबल’ लिहून बाहेरून आणलेला चल अनसेट केला तरी आतलंच नाव जातं, बाहेरचा चल शाबूत. तलाठ्याकडं चालणारा शब्द आहे ना आपल्याकडं, ‘नाव कमी करणे’. सातबाऱ्यावरून एका भावाचं नाव कमी झालं म्हणून रान कुठं जातं का? शेवटचंही नाव गेलं की मात्र पीएचपी ती मेमरी सोडून देतं.

लातूर: पटलं, ताई. पण इससेट तर नललाही ‘फॉल्स’च देतं. पोरांना फरक दाखवायचा कसा?

बीड: चल नुसता वाचायला लावा. नल असेल तर काही कुरकुर नाही. अनसेट केलेला असेल तर पीएचपी ८ पासून वॉर्निंग, त्याआधी नोटीस. ॲरेत (किमतींच्या यादीत) असेल तर ॲरे-की-एक्झिस्ट्स वापरा, ते ‘की’, म्हणजे यादीतल्या किमतीचं नाव, शोधतं: नल दिलेली ‘की’ सापडते, अनसेट केलेली सापडत नाही.

संभाजीनगर: सेशनचं, म्हणजे सर्व्हरवर एकेका वापरणाऱ्याची माहिती ठेवायच्या सोयीचं, गणित उलटं आहे बरं. सेशन-अनसेट हे नावाला अनसेट, सेशनचा ॲरे फक्त रिकामा करतं. तिथं सरांचा ‘रिकामं करणे’ चपखल बसतो. सेशन-डिस्ट्रॉय सर्व्हरवर साठवलेला डेटा काढतं, पण चालू स्क्रिप्टमधला ॲरे भरलेलाच राहतो अन् ब्राउझरमधली सेशनची ओळख ठेवणारी कुकीही. लॉगआऊट लिहिताना पोरं इथंच गोंधळायलेत.

नांदेड: ‘नाव कमी करणे’ घेतो, पण पोरांना पूर्ण शब्दच म्हणायला लावीन. नुसतं ‘चल कमी करा’ म्हटलं की आमचे महाभाग त्यातून १ वजा करून मोकळे होतील.