आचारसंहिता लागली की शेतीसंरक्षणाची बंदूक जमा करायलाच लागते का?

काजूवाला_कुडाळ:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस हे विचारायचं मनात होतं. आमचं गाव कुडाळ तालुक्यात घाटाच्या बाजूला, घरात आजोबांच्या वेळेपासून शेतीसंरक्षणाच्या परवान्याची एक बंदूक आहे, सिंगल बॅरल, बारा बोअर. आजोबा गेल्यावर परवाना बाबांच्या नावावर झाला. वेळच्या वेळी रिन्यू करतो, काडतुसांचा हिशोब वहीत असतो, बाबांवर आयुष्यात एक साधी एनसी (अदखलपात्र तक्रार) पण नाही. तरी निवडणूक लागली की पोलीस पाटील निरोप घेऊन येतात, बंदूक ठाण्यात जमा करा. का, कोणाच्या आदेशाने, हे विचारलं तर सगळ्यांच्याच जमा होतायत एवढंच उत्तर.

२०२४ ला काय झालं ते सांगतो. लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली, म्हणजे ऐन काजू-आंब्याचे दिवस, वानरं झाडावर बसून कोवळे आंबे चावून चावून खाली टाकत होती आणि आम्ही पत्र्याचा डबा बडवत फिरत होतो. मतदान ७ मेला, निकाल ४ जूनला, बंदूक हातात आली तेव्हा पाऊस सुरू झालेला आणि नळीला गंज धरलेला. मग विधानसभा आली, १५ ऑक्टोबरला परत आचारसंहिता, तेव्हा भात पिवळं होऊन कापणीला आलेलं. वर्षातले दोन हंगाम आणि दोन्ही वेळेला बंदूक कोठीत. त्या ऑक्टोबरात एका रात्री डुकरांनी खालचे दोन कोपरे पार लोळवले, खाल्लं त्यापेक्षा चिखलात तुडवलं जास्त, सकाळी आई बांधावर बसून रडली. बाबा ६८ वर्षांचे आहेत, अजून शेतातल्या मांगरात (झोपडीत) राखणीला जातात, ते एवढंच म्हणाले, "बंदूक दिली, आता राती हातात काय घेऊन बसू?"

आणि आम्ही जनावर मारत नाही हो. एक बार काढला की आवाजाने कळप पांगतो, तेवढंच पाहिजे असतं. गव्याला हात लावायचा प्रश्नच नाही आणि डुकराला मारायचं तरी वनखात्याची परवानगी लागते हे आम्हाला माहिती आहे.

तर प्रश्न असा की कायद्याने सगळ्यांच्याच जमा करायला लागतात का माणूस बघून? धाकटा भाऊ पुण्याला असतो, तो म्हणतो बंदुका कोणाकडेच नकोत, बीडचं बघितलंस ना. त्याचं पूर्ण चूक आहे असंही मला म्हणता येत नाही, म्हणून इथे विचारतोय.

मीनल_कोर्टवाली:
दादा, सरसकट सगळ्यांच्या जमा करायला लावता येत नाहीत. मुंबई हायकोर्टाचा २००९ चा निकाल याच विषयावर आहे, त्याच्या आधारावर निवडणूक आयोगाच्या सूचना पण आहेत. जिल्ह्यात कलेक्टर आणि एसपी यांची छाननी समिती बसते, तिने प्रत्येक परवानाधारकाचं प्रकरण वेगळं बघायचं असतं. मुख्यतः कोणाच्या घ्यायच्या, तर जे जामिनावर सुटलेत, ज्यांच्यावर गुन्ह्यांचा इतिहास आहे, जे पूर्वी दंगलीत, विशेष करून निवडणुकीच्या काळातल्या दंगलीत होते. तुमचे बाबा यातल्या कशातच बसत नाहीत.

आता करायचं काय ते सांगते. निरोप तोंडी आला तर आदेशाची लेखी प्रत मागा, भांडण न करता, शांतपणे. आणि आचारसंहितेची वाट न बघता आधीच कलेक्टर ऑफिसला अर्ज टाका, सोबत परवान्याची झेरॉक्स, सातबारा, मागच्या नुकसानीचा पंचनामा असेल तर तो, आणि हंगामाच्या तारखा स्वच्छ लिहा. अर्जाची पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका. जमा करायची वेळ आलीच तर बंदुकीची अवस्था पावतीवर लिहून घ्या, गंजाचं नंतर कोणी ऐकत नाही.

अजून एक, १९५९ च्या शस्त्र कायद्यातच शेतीची बंदूक वेगळी धरलेली आहे. कलम १३ वाचा. पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक, ती पुरत नसेल तर वीस इंचांपेक्षा कमी नळी नसलेली साधी बंदूक, यासाठी परवाना द्यायचा असं म्हटलंय, बाकी हत्यारांना मात्र तुम्हाला सबळ कारण दाखवायला लागतं. म्हणजे पिस्तूल कमरेला लावणारा आणि तुमचे बाबा हे कायद्याच्या नजरेत पहिल्यापासून वेगळे आहेत, फक्त अंमलबजावणी करताना दोघांना एका पोत्यात घालतात, माझी तक्रार तिथेच आहे.

पण "हक्क" हा शब्द जपून वापरा. शस्त्र बाळगणं हा आपल्याकडे मूलभूत हक्क नाही. १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावात तो होता बरं का, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगायचा हक्क, कारण इंग्रजांनी १८७८ च्या कायद्याने अख्ख्या देशाचं हत्यार काढून घेतलेलं आणि ती जखम ताजी होती. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत ह. वि. कामत यांनी तो हक्क घालायची दुरुस्ती मांडली, बाबासाहेबांनी विरोध केला, ज्याला त्याला बाजारात जाऊन हत्यार घ्यायची मोकळीक दिली तर राज्य चालवायचं कसं हा त्यांचा मुद्दा होता. दुरुस्ती पडली. सुप्रीम कोर्टानेही २०२३ ला उत्तर प्रदेशातल्या विनापरवाना हत्यारांचं प्रकरण स्वतःहून हातात घेतलं तेव्हा हेच बोलून दाखवलं, की अमेरिकेसारखा हा हक्क आपल्या घटनेने दिलेला नाही. त्यामुळे अर्जात हक्काची भाषा नको, गरज दाखवा आणि छाननी मागा.

गोदाकाठची_लेक:
कुडाळचे दादा, तुमच्या आईबद्दल वाचून वाईट वाटलं. पण मी बीड जिल्ह्यातली आहे, मला बंदूक म्हटलं की दुसरंच काही दिसतं म्हणून लिहिते.

आमच्याकडे पिस्तूल राखणीला नसतं. ते हळदीत कमरेला असतं, वाढदिवसाच्या बॅनरवर असतं, पोरांच्या स्टेटसला असतं. एका जवळच्या लग्नात वरातीत हवेत बार काढले, मी माझ्या तीन वर्षांच्या पोरीला उचलून मंडपाच्या मागे पळाले आणि माणसं हसत होती. २०१९ च्या दुरुस्तीनंतर असं आनंदात गोळीबार करणं हा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पण तक्रार कोण देणार? ज्याच्याकडे पिस्तूल आहे त्याच्याच गावात आपल्याला राहायचं असतं.

आणि एक गोष्ट सांगते, आजपर्यंत कुठे लिहिली नव्हती. माझ्या वडलांचा शेजारच्या शेताशी बांधाचा वाद होता, मोजणी आमच्या बाजूने आली होती. समोरचा माणूस बोलायला आला, ओसरीवर बसला, पाणी प्यायला, आणि बसताना कमरेचं काढून बाजूला सतरंजीवर ठेवलं. एक शब्द वाकडा बोलला नाही तो. वडलांनी दुसऱ्या दिवशी बांधाचा विषय सोडून दिला, आजही ती पट्टी त्या शेजाऱ्याकडेच आहे. गोळी सुटली नाही, गुन्हा दाखल झाला नाही, कुठल्या आकडेवारीत हे येणार नाही, पण जमीन गेली. त्याचा परवाना होता, रीतसर. मग माझ्या वडलांचा हक्क कुठे गेला?

मस्साजोगच्या सरपंचांचा डिसेंबर २०२४ मध्ये खून झाला, त्यानंतर सगळ्या महाराष्ट्राला कळलं की आमच्या एका जिल्ह्यात हजाराच्या वर परवाने आहेत, मग धडाधड रद्द करायला लागले. ते परवाने देताना छाननी कोणी केली होती? मीनलताई, समिती निवडणुकीपुरती का बसते?

काजूवाला_कुडाळ:
ताई, सतरंजीवर ठेवलेल्या पिस्तुलाचं वाचून मी मोबाईल बाजूला ठेवला थोडा वेळ. आमच्या गावात बंदूक म्हणजे माळ्यावर पोत्यात गुंडाळलेली वस्तू, कोणाला दाखवायची नसते, त्यामुळे हे डोक्यात कधी आलंच नव्हतं. भाऊ जे म्हणतो ते कुठून येतं हे आज कळलं.

जुना_हवालदार:
मी खात्यात होतो, आता रिटायर. खालची बाजू सांगतो. ठाण्याच्या हद्दीत निवडणुकीत काही झालं की पहिला प्रश्न अधिकाऱ्याला येतो, अमक्याकडे परवाना होता तर जमा का केली नाही. दीडशे परवान्यांची एकेक फाईल काढून अभिप्राय द्यायचा म्हणजे माणूसबळ पाहिजे, बंदोबस्तात ते मिळत नाही, म्हणून सगळ्यांच्या घ्या हा सोपा रस्ता. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही, शेतकऱ्याची बंदूक घेताना आम्हालाही बरं वाटायचं नाही. पण परवाना आहे म्हणजे माणूस सुरक्षित हे पण डोक्यातून काढा. २ फेब्रुवारी २०२४ ला उल्हासनगरला पोलीस ठाण्यात, सीनियर इन्स्पेक्टरच्या केबिनमध्ये, एका आमदाराने गोळ्या झाडल्या. परवाना देताना वागणूक बघतात ती कागदावरची. खरी वागणूक गाव सांगतं, पण गावाला कोणी विचारत नाही.

ह्यूस्टनचा_देशपांडे:
मी १७ वर्षं टेक्ससमध्ये आहे, इथलं सांगतो कारण इथे हक्क आहे, घटनेत लिहिलेला, १७९१ पासूनची दुसरी घटनादुरुस्ती, आणि २००८ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हा प्रत्येक माणसाचा वैयक्तिक हक्क आहे, नुसता मिलिशियाचा (नागरिकांच्या फौजेचा) नाही. २०२१ पासून आमच्या राज्यात २१ वर्षांवरच्या बहुतेकांना हँडगन जवळ ठेवायला परवाना पण लागत नाही. शेजारी चांगला माणूस आहे, वादळात आमचं छप्पर गेलं तेव्हा पहिला तोच धावून आला, त्याच्याकडे सहा बंदुका आहेत आणि त्याला मनापासून वाटतं की पोलीस पोचेपर्यंत घर आपणच राखायचं असतं. रँचवर राहणाऱ्यांना ते खरंच लागू आहे, पोलीस चाळीस मैलांवर असतात, रानडुकरं तर इथेही शेतं उकरतात. तुमच्या बाबांची अडचण इथल्या शेतकऱ्याला दोन मिनिटात कळेल.

पण माझी मुलगी पाचवीत आहे. तिला शाळेत शिकवतात की दिवे बंद करून भिंतीला टेकून आवाज न करता कसं बसायचं. इथल्याच उवाल्डी गावात २४ मे २०२२ ला शाळेतल्या गोळीबारात १९ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या, मारणारा १८ वर्षांचा होता, वाढदिवस झाल्या झाल्या त्याने रायफली दुकानातून कायदेशीर घेतल्या होत्या, आणि हत्यारबंद पोलीस तासाभराहून जास्त वेळ बाहेर थांबले होते. त्या रात्री मी मुलीच्या खोलीत जमिनीवर झोपलो. आणि इथे बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात, त्यावर कोणी भाषणं करत नाही. एकदा हक्क झाला की प्रत्येक नियमासाठी सरकारला कोर्टात झगडायला लागतं, सुप्रीम कोर्टाच्या २०२२ च्या न्यूयॉर्कच्या बंदूक परवान्यांवरच्या निकालानंतर तर अजूनच. म्हणून मला वाटतं भारतात तो हक्क झाला नाही ते बरं झालं, पण मग ज्याला खरी गरज आहे त्याला परवाना हा उपकार म्हणून देऊ नका.

राजापूरची_सुमा:
मी जास्त लिहिणार नाही. माझा मावसभाऊ रात्री शिकारीला गेलेल्या लोकांबरोबर होता. अंधारात झाडीत हालचाल झाली, डुक्कर समजून त्यालाच गोळी घातली. बंदूक शेतीसंरक्षणाचीच होती, परवाना एकाचा आणि हातात दुसऱ्याच्या. कोकणातल्या लोकांनी उगाच मान खाली घालू नये, अशा बातम्या आपल्याकडे दर वर्षा-दोन वर्षांनी येतात. काजूवाले दादा, तुमचे बाबा सरळ आहेत हे मान्य, पण ते झोपल्यावर बंदूक कुठे असते? गावातलं कोणी एका रात्रीसाठी मागायला आलं तर नाही म्हणता का तुम्ही?

काजूवाला_कुडाळ:
सुमाताई, खरं सांगायचं तर नाही म्हटलेलं नाही. दोन वेळा दिली आहे, दोन्ही वेळा शेजारच्या वाडीत, डुकरं लागली होती म्हणून. ते बेकायदा आहे हे माहिती होतं, पण शेजारधर्म म्हणून दिली. तुमच्या मावसभावाचं वाचून आज बाबांना फोन केला, सगळं वाचून दाखवलं. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, यापुढे कोणाला हवी असेल तर मी स्वतः जाईन राखणीला, बंदूक देणार नाही. काडतुसं आईच्या कपाटात कुलपात ठेवायची असं पण ठरलं.

मीनलताई, अर्ज लिहायला घेतलाय. आदेशाची लेखी प्रत आणि छाननी समितीपुढे बाबांचं प्रकरण ठेवा एवढंच मागतोय, हंगामाच्या तारखा मार्च ते मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा टाकल्यात. हवालदारसाहेब म्हणाले ते पण एका ओळीत घातलंय, की छाननी करताना पोलीस पाटील आणि वाडीतल्या माणसांचं म्हणणं घ्यावं, आमच्या बाजूने असो की विरुद्ध. ती ओळ ठेवू का काढू ते सांगा, आणि ऑक्टोबर २०२४ चा पंचनामा आम्ही केलाच नव्हता, त्याच्या जागी ग्रामपंचायतीचा दाखला चालेल का?

मीनल_कोर्टवाली:
ओळ ठेवा. दाखला चालेल, सोबत तेव्हाचे फोटो असतील तर तारखेसकट जोडा. लिहून झालं की मला व्यनि करा, सोमवारी रात्री बघते.