पावसाळ्यात सोसायटीच्या खताच्या हौदाला वास येतो, काय चुकतंय?

सोसायटी_सचिव:
पुण्यातली ४० सदनिकांची सोसायटी. रोज साधारण २० किलो ओला कचरा निघतो. विटांचे ३ बाय ३ बाय ३ फुटांचे दोन हौद आहेत, आतून गिलावा, वर पत्रा. कचरा टाकला की वर मूठभर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). उन्हाळा कसाबसा निभला. जूनपासून कुजका वास, तळाला काळं पाणी, पांढऱ्या अळ्या. पहिल्या मजल्यावरचे लोक बंद करा म्हणतात, काहींना २४ तासांत खत देणारं यंत्र हवंय. हौद वाचवता येतील का?

पालापाचोळा:
येतील. आधी वास ओळखा. नाकात झोंबणारा, अमोनियासारखा असेल तर सुका माल कमी पडतोय. सडक्या अंड्यासारखा असेल तर पाणी जास्त आणि हवा नाही. तुमचं दुसरं दिसतंय. मूठभर कोकोपीटने काही होत नाही. एक बादली ओल्याला एक बादली सुका पाला, हे माप धरा. पाला जास्तीचं पाणी शोषतो आणि मध्ये हवेला जागा ठेवतो. आतला माल मुठीत दाबला की एक-दोन थेंब यावेत. धार लागली तर पाला घालून खालीवर करा.

खरी अडचण साठ्याची. पानगळ फेब्रुवारी ते एप्रिल, गरज जून ते सप्टेंबर. रोज ४०-४५ लिटर पाला धरला तर चार महिन्यांना धान्याची ५०-६० मोठी पोती लागतील. ती मार्चमध्येच भरून कोरड्या जागी रचायची. आसपास कुणी पाला जाळत असेल तर तोच मागून आणा, धूरही थांबेल. यंदापुरता सुताराकडचा साध्या लाकडाचा भुसा किंवा चिकटपट्टी काढून फाडलेले पुठ्ठे चालतील. प्लायवूडचा भुसा नको, त्यात डिंकाची रसायनं असतात.

अळ्यांना घाबरू नका. त्या बहुधा ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या, कचरा खाऊन संपवतात. रोज वर दोन इंच पाला पसरला की माशी अंडी घालायला येत नाही.

वीट_वाळू:
पाला घालूनही गिलाव्याचा हौद गुदमरणारच. भिंत जाळीची हवी: दोन विटांमध्ये दोन-अडीच इंच फट, आणि उंदीर शिरू नयेत म्हणून बाहेरून अर्ध्या इंचाची वेल्डमेश (तारेची जाळी). तळाला उतार, त्यावर सहा इंच विटांचे तुकडे, पाणी खालच्या बादलीत. पत्रा भिंतीच्या दीड-दोन फूट बाहेर काढा, नाहीतर तिरका पाऊस सगळं भिजवतो.

शिवाय दोन हौद पुरणार नाहीत. एक पंधरवड्यात भरतो आणि नंतर ४५ ते ६० दिवस मुरायला लागतात. म्हणजे पाच हवेत. दोनच असले की कच्चा माल उपसावा लागतो, आणि तोही वासाचं कारण.

कुजकं_सोनं:
यंत्राबद्दल: २४ तासांत बाहेर पडतो तो बहुतेक वेळा वाळवलेला कचरा. कुंडीत पाणी घातलं की तो पुन्हा आंबतो आणि मुळं जळतात. वर विजेचं बिल येतं ते वेगळंच. त्या पैशात तीन हौद वाढवा.

वर्गीकरण हौदापाशी नको, दारातच. कचरा नेणाऱ्याने डबा उघडून बघावा, प्लास्टिक दिसलं तर तिथेच परत द्यावा. इतरांचा मिसळलेला कचरा त्याने हाताने निवडावा हे बरोबर नाही. पाला घालणं आणि खालीवर करणं हे जास्तीचं काम आहे, त्याचे पैसे वेगळे द्या. गमबूट आणि रबरी हातमोजेही. नारळाची करवंटी, आंब्याच्या कोयी, मक्याची कणसं बाजूला काढा, लवकर कुजत नाहीत.

खत झालं का ते पाहायला थोडं ओलसर करून तीन दिवस बंद पिशवीत ठेवा. उघडल्यावर मातीचा वास आला तर चाळा. आंबूस वास आला तर परत हौदात.