गावात चोरी झाली की भाडेकरूंना घालवणे हा गुन्हेगारीवरचा उपाय आहे का?

धागालेखक, डिचोली

आमच्या गावात चतुर्थीच्या आधी एक बंद घर फोडले गेले. घरची माणसे मुंबईला असतात आणि वर्षातून एकदा गणपतीला येतात. त्यांनी दार उघडले तेव्हा देवघरात दोन मोठ्या समयांच्या बैठकीचे गोल डाग तेवढे लादीवर उरले होते. समया, तांब्याचा हंडा आणि कपाटातले थोडे दागिने गेले होते. पोलिसांनी पंचनामा केला, पण चोर अजून सापडलेला नाही.

त्यानंतरच्या रविवारी ग्रामसभेत या चोरीवर जेमतेम पाच मिनिटे बोलणे झाले आणि पुढचा तासभर भाडेकरूंवर गेला. परराज्यातील कोणालाही पंचायतीच्या परवानगीशिवाय खोली देऊ नये, असा ठराव हात वर करून संमत झाला. तिसऱ्या दिवशी रंगकाम करणाऱ्या चार मजुरांना खोली सोडावी लागली. घरमालकाने पायरीवर बसून त्यांचे डिपॉझिट मोजून दिले आणि त्यांनी कुकर, स्टोव्ह, गुंडाळलेल्या चटया टेंपोत चढवल्या. त्यांच्यापैकी एकाने शेजारच्या घराच्या अर्धवट रंगवलेल्या भिंतीकडे बोट दाखवून विचारले की हे काम कोण पुरे करणार. कोणीच उत्तर दिले नाही. मीही तिथेच उभा होतो आणि मीही गप्प राहिलो, याची मला लाज वाटते.

इंग्रज सरकारने 1871 साली कायदा करून काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले होते. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला, तरी त्या जमातींवरचा संशय आजही पुसला गेलेला नाही. घाटापलीकडून आलेल्या माणसांबद्दल ‘घाटी आले आणि चोऱ्या वाढल्या’ असे आपण सहज बोलतो तेव्हा त्याच वाटेने चालत असतो, असे मला वाटते. गुन्ह्याची कारणे आपल्या अंगणातही शोधायला हवीत. 2012 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्यावर आमच्या तालुक्यात कर्जाचे ट्रक दारात उभे राहिले आणि मटक्याच्या चिठ्ठ्या मात्र चालूच राहिल्या. ज्या मुलांनी बापाची ही ओढाताण पाहिली, त्यांच्याशी आपण काय बोललो?

बार्देशकर

आपली कळकळ मला समजते, परंतु आपण भीतीला फार लवकर द्वेष ठरवत आहात. दोन वर्षांपूर्वी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीचा गज कापून दोघे जण आत शिरले. माझी आई जागी होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची ती बाई तोंडावर पदर दाबून, ते निघून जाईपर्यंत अंधारात बसून राहिली. आजही ती दिवा लावूनच झोपते आणि मांजराने भांडे पाडले तरी उठून बसते.

तपासात एका संशयिताचा माग लागला. तो जवळच्याच खोलीत सहा महिने राहून गेला होता. घरमालकाने आधार कार्डाची प्रतसुद्धा घेतली नव्हती, सांगितलेले नाव खोटे होते आणि मोबाईल बंद होता. तपास तिथेच थांबला. भाडेकरू म्हणजे चोर, असे मी म्हणत नाही. पण ज्यांची नोंद कुठेच नाही अशी माणसे शेकड्यांनी ये-जा करतात अशा किनारपट्टीवर पडताळणीचा आग्रह धरणे म्हणजे एखाद्या जमातीला गुन्हेगार ठरवणे नव्हे. आणि खाणी बंद झाल्याचे कारण तर मला मुळीच पटत नाही. खाणपट्ट्यातल्या बहुसंख्य मुलांनी हलाखी सोसूनही दुसऱ्याच्या घराच्या कड्या काढल्या नाहीत. चोरीचे खापर हलाखीवर फोडणे हा त्या मुलांवर अन्याय आहे.

वकील, म्हापसा

पडताळणीविषयी बार्देशकर यांचे म्हणणे योग्य आहे. ती पोलिसांकडे अर्ज भरून करावयाची असते आणि तीत हयगय करणाऱ्या घरमालकाला जाब विचारलाच पाहिजे. परंतु ग्रामसभेच्या ठरावात पडताळणी नाही, परवानगी आहे. देशात कोठेही राहण्याचा व स्थायिक होण्याचा अधिकार संविधानाच्या 19व्या कलमाने प्रत्येक नागरिकाला दिला आहे. पंचायतीचा ठराव तो काढून घेऊ शकत नाही.

गरिबीतून गुन्हा होतो, हे धागालेखकांचे गृहीतकही अपुरे आहे. गोव्यात पोर्तुगीज काळातील दस्तऐवजांत फेरफार करून परदेशी असलेल्यांच्या किंवा हयात नसलेल्यांच्या जमिनी बळकावल्याची प्रकरणे इतकी वाढली की 2022 मध्ये सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले आणि उच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायाधीशांचा आयोग बसवावा लागला. जुनी लिपी वाचता येणे, नोंदणी कार्यालयाची वाट ठाऊक असणे, खोटा वारस उभा करणे ही उपाशी माणसाची कामे नाहीत. एका समईच्या चोरीने गाव पेटून उठतो, पण आख्खे भाट, म्हणजे माडांची बागायत, कागदावर नाहीसे झाले तर त्यासाठी विशेष ग्रामसभा बोलावल्याचे मी माझ्या वकिलीत पाहिलेले नाही.

शिक्षा किती कठोर यापेक्षा ती किती नक्की आणि किती लवकर यावर गुन्हेगाराचा हिशेब ठरतो. आपल्याकडे नेमके उलटे आहे. 2022 च्या अखेरीस देशातील तुरुंगांत 5,73,220 कैदी होते आणि त्यांतील 4,34,302 कच्चे कैदी होते. म्हणजे दर चार कैद्यांमागे तिघांचा खटला अजून निकाली निघायचा होता. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी प्रथमच करणाऱ्याने ऐवज परत केल्यास सामुदायिक सेवेची शिक्षा आहे. त्याला कोलवाळच्या तुरुंगात सराईतांच्या शेजारी बसवण्याऐवजी गावातच उपयोगी काम करायला लावावे, हा त्यामागचा विचार मला शहाणपणाचा वाटतो.

परिचारिका, वास्को

हुसकावून लावल्याने काय होते, ते आम्ही वास्कोत पाहिले आहे. बायणा किनाऱ्यावरची वेश्यावस्ती न्यायालयाच्या आदेशानंतर 2004 साली भर पावसाळ्याच्या तोंडावर पाडली गेली. झोपड्या गेल्या, पण धंदा लॉजमध्ये आणि भाड्याच्या खोल्यांत पांगला. ज्या बायांपर्यंत तपासणी आणि औषधे पोहोचत होती, त्या नजरेआड झाल्या.

अमली पदार्थांचेही तसेच आहे. नशेत बुडालेल्या मुलाला घरचे लोक आमच्याकडे आणतात तेव्हा आई पहिला प्रश्न विचारते, ‘पोलिसांना कळवणार नाही ना?’ व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला आला आणि त्याने ते पुरे केले, तर अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालू नये, अशी तरतूद 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात 64-अ या कलमाने आहे, हे तिला कोणी सांगितलेलेच नसते. ज्या पोर्तुगालचे राज्य आपल्यावर होते, त्यांनी 2001 पासून स्वतःच्या वापरापुरता अमली पदार्थ जवळ बाळगणे हा फौजदारी गुन्हा मानणे सोडले आणि अशा माणसाला न्यायालयाऐवजी समुपदेशन करणाऱ्या मंडळापुढे पाठवले. आपण आपल्या मुलांना कोठडी दाखवतो आणि विक्रेता मात्र पुढच्या हंगामात त्याच किनाऱ्यावर नवा पोरगा शोधतो.

बार्देशकर

ताई, पोर्तुगालने गुन्हा काढून टाकला तेव्हा त्याच्या जोडीला उपचारांची व्यवस्थाही वाढवली होती. आपल्या तालुक्यात आज रात्री व्यसनी मुलाला घेऊन जायचे ठरवले तर आईबापांनी कुठे जावे? ती सोय उभी राहण्याआधी पोलिसांचा धाक काढला, तर किनाऱ्यावरचे गाव उघड्यावर पडेल. सोय आधी करा, मग मी आपल्या बाजूने बोलेन. वकील साहेबांचा परवानगी आणि पडताळणी यांतला भेद मात्र मला मान्य आहे. माझा आग्रह नोंदीचाच होता.

धागालेखक, डिचोली

हलाखीचे कारण मी फार सरळ जोडले, हे मान्य करतो. माझ्या पुतण्याचाच ट्रक गहाण पडला होता, म्हणून कदाचित मला सगळीकडे तेच दिसते.

पुढच्या ग्रामसभेत मी परवानगीची अट काढून त्या जागी प्रत्येक घरमालकाने, भाडेकरू गोव्यातला असो की बाहेरचा, पोलिसांकडे नोंद करावी अशी दुरुस्ती मांडणार आहे. बंद घरांची यादी ठाण्यावर देण्याचे आणि तपास कुठवर आला हे निरीक्षकांनी दर तीन महिन्यांनी पंचायतीला कळवण्याचे कलमही त्यात घालीन. बार्देशकर, आपल्या जवळच्या त्या खोलीच्या मालकाने काय नोंदवायचे राहून गेले होते, ते मुद्देसूद लिहून पाठवाल का? ग्रामसभेत ते वाचून दाखवले तर लोक माझ्यापेक्षा आपले अधिक ऐकतील. रंगकाम करणारे ते चौघे सध्या सांखळीला राहतात, असे कळले आहे. अर्धवट भिंत पुरी करायला या, असा निरोप मी रविवारी स्वतः जाऊन देणार आहे.