अर्जाची शेवटची तारीख आणि शेवटची एसटी

27 वर्षं मी सिंधुदुर्गातल्या एका कॉलेजात शिष्यवृत्तीच्या खिडकीमागे बसलो, आता घरी बसलोय. खिडकी एवढी बुटकी की पोरांचा चेहरा दिसायचाच नाही. दिसायचा हात आणि हातातला फॉर्म, एखाद्या फॉर्मला फणसाचा चीक लागलेला. मग एकच प्रश्न, "सर, अजून चालतंय ना?" तारीख टळून दोन दिवस झालेले असायचे. नोटीस आठवडाभर बोर्डावर होती हे खरं, पण बोर्ड जिन्याखाली आणि जिन्याखाली अंधार. सरकारकडे पैसे नव्हते असं नाही. ते आहेत ही बातमी वाडीवर पोचेपर्यंत खिडकी बंद व्हायची.

तर लिहा. शिष्यवृत्ती, फीमाफी, फेलोशिप, युवा महोत्सव, आविष्कारची संशोधन स्पर्धा, काहीही. कोणाकडून कळलं, काय मिळालं, काय हुकलं? कॉलेजचं, ऑफिसचं नाव घालू नका. माझंच असेल तर मला कळेलच. आलेली पत्रं खाली देतोय.

देवगड, बी.कॉम. तिसरं वर्ष

मला आमच्या पोस्टमनकाकांकडून कळलं. बारावीला बोर्डात आपल्या शाखेच्या वरच्या 20 टक्क्यांत असलं आणि घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असलं तर केंद्राची शिष्यवृत्ती मिळते, पदवीची तीन वर्षं दरसाल 12,000. काकांच्या भाचीला मिळत होती म्हणून त्यांना माहीत. फॉर्म भरला, कॉलेजने पुढे पाठवला, पोर्टलवर मंजूर दिसला. पैसे काही येईनात. मी दर आठवड्याला बँकेत जाऊन पासबुक छापून घ्यायची. मशीन खरखर करायचं आणि एकच ओळ छापायचं, व्याज सात रुपये.

वर्ष गेलं. मला वाटलं, आपल्याला नाहीच मिळाली. लाज वाटून कोणाला विचारलंही नाही. शेवटी ऑफिसातल्या शिपाईमामांनीच हटकलं, "गो बाय, पैसे इले आसतले, पन खंय इले ता बघ." म्हणजे काय ते मला कळेना. त्यांनी समजावलं: फॉर्ममध्ये खातं कुठलंही लिही, आधारमार्फत येणारा पैसा आधारला शेवटचं जे खातं जोडलंय तिथेच जातो. मी आठवीत असताना शाळेने गावातल्या दुसऱ्या बँकेत आम्हा सगळ्या मुलींची खाती उघडली होती, त्यानंतर मी शहरातलं खातं काढलं पण त्याला आधार जोडलाच नव्हता. जुनं पासबुक आईने तांदळाच्या डब्यात ठेवलेलं, वरच्या पानांना कीड लागलेली. बँकेत नेलं तर साहेब म्हणाले, "हे खातं वापरात नाही, आधी केवायसी." केवायसी झाली आणि मशीनने माझे 12,000 छापले. तारीख अकरा महिन्यांपूर्वीची!

फॉर्म भरायच्या आधी आधारच्या साइटवर आपलं कुठलं खातं जोडलेलं आहे ते बघा. दोन मिनिटं लागतात. मी ज्यांना ज्यांना सांगितलं त्यातल्या तिघींचे पैसे असेच भलत्या खात्यात सापडले.

(खिडकीवाला) शिपाईमामांना नमस्कार सांगा. आमच्याकडेही अर्धी शिष्यवृत्ती शिपायानेच मिळवून दिली, सही फक्त माझी.

चिपळूण, आता नोकरीत

22 जुलै 2021. पाणी पहिल्या मजल्याच्या पायऱ्यांपर्यंत आलं आणि आमची कागदपत्रांची पत्र्याची पेटी तळमजल्यावरच्या कपाटात. मी तेव्हा दुसऱ्या वर्षाला. पाणी ओसरल्यावर पेटी उघडली तर आत चिखलाचा गोळा. गंमत म्हणजे साधे कागद वाचले आणि लॅमिनेशन केलेले गेले. प्लास्टिकच्या कडेतून पाणी आत शिरलं, ते बाहेर पडेना, शाई आतल्या आत पसरली. जातीचा दाखला आत पोहत होता म्हणा ना. साधे कागद आम्ही वर्तमानपत्रात घालून, वर पाट ठेवून, मग दोरीवर चिमट्यांनी लावून सुकवले. वीज नव्हती, पंखाही नाही. आजीने तव्याच्या बुडाने इस्त्री केली, मार्कशीटच्या एका कोपऱ्याला अजून तो काळा डाग आहे.

जात वैधता प्रमाणपत्राची दुसरी प्रत मिळवायला चकरा झाल्या. त्या वर्षीचा रिन्युअलचा फॉर्म त्रुटी लावून दोनदा परत आला, दोन्ही वेळा कारण एकच, "दाखला अस्पष्ट". अस्पष्ट का, ते विचारायला जागा नव्हती. शेवटी पुराच्या पंचनाम्याची प्रत त्याच फाइलमध्ये जोडली तेव्हा सुटला. आता सगळं डिजिलॉकरमध्ये आहे आणि पेटी माळ्यावर. लॅमिनेशन करू नका एवढंच सांगतो, कोकणात तर नकोच.

गणपतीत हुकलेला, मालवण

शेवटची तारीख दीड दिवसाच्या गणपतीला होती. सेतूवाला आरतीला, मी आरतीला, सर्व्हरपण बहुतेक आरतीलाच. पुढल्या वर्षी गौरीच्या आधी भरला.

संगमेश्वर तालुका, युवा महोत्सवातला माजी

आमच्या स्किटमध्ये संकासुर होता. शिमग्यातला, काळा झगा, उंच टोपी. कॉलेजकडे वेशभूषेला पैसे नव्हते, म्हणून गावच्या खेळ्यांकडून झगा मागितला. गावकारांनी एक रात्र विचार केला आणि दोन अटी घातल्या: झग्याला पाय लागता कामा नये, आणि शिमग्याआधी परत. झोनच्या फेरीत नंबर आला, अंतिम फेरीला मुंबईला जायचं ठरलं. रात्रीची गाडी, जनरल डबा, बसायला जागा नाही. झगा पिशवीत मावला, टोपी मावेना. मग ती एकाने डोक्यावर घातली आणि रोह्यापर्यंत दाराजवळ उभा राहिला. पनवेलला चढलेलं एक पोर जे रडायला लागलं ते ठाण्यापर्यंत.

मुंबईत बक्षीस नाही मिळालं. परीक्षकांनी विचारलं, हे कॅरॅक्टर कोण? आमच्या मेकअपवाल्याने पंधरा मिनिटं समजावलं. ते बक्षिसापेक्षा जास्त लक्षात आहे.

खरा घोळ परत आल्यावर. प्रवासखर्च मिळतो, पण पावतीवर. रेल्वेचं तिकीट आहे, जेवणाचं बिल आहे, रिक्षाची पावती कोण देतो? हिशेबनीस म्हणाले, "पावती नाही तर प्रवास झाला नाही." 640 रुपये मी खिशातून घातले. पुढच्या वर्षीच्या टीमला मी पहिली गोष्ट शिकवली ती अभिनय नाही, कोऱ्या कागदावर तारीख, कुठून कुठे, किती माणसं आणि सोबतच्या सरांची सही घेऊन ठेवायची. ते चाललं.

रत्नागिरी, एम.एस्सी.

आविष्कारची नोटीस दिवाळीच्या आसपास लागते आणि फेरी असते थंडीत. म्हणजे नेमकी जत्रांच्या दिवसांत. पोस्टर छापायला गेले तर फ्लेक्सवाल्याकडे देवळांचे बॅनर, वाढदिवसाचे बॅनर, नमनाचे बॅनर यांची रांग. माझा विषय होता खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या: कुठल्या महिन्यात वजन किती भरतं. आकड्यांपुढे अधिक-उणे असं चिन्ह होतं. फ्लेक्सवाल्याला वाटलं चुकून दोन चिन्हं एकावर एक पडलीत, त्याने भल्या मनाने सगळीकडची उण्याची रेघ पुसून नुसतं अधिक ठेवलं. वर "काही लागलं तर सांगा ताई, मी स्वच्छ करून दिलंय."

मी पाहिलं ते स्पर्धेच्या सकाळी. परीक्षकबाई चष्मा पुढे करून म्हणाल्या, "सव्वातीन ग्रॅम अधिक अर्धा? मग पावणेचार लिहा की." मी पेनने सत्तावीस रेघा काढल्या, त्यांच्यासमोर. त्या हसल्या आणि मग तिसऱ्या कशा खणता, ओहोटीला किती वाजता जाता, तेच विचारत बसल्या. माझी आई तिसऱ्या काढायला जाते, त्यामुळे तो भाग मला पोस्टर न बघता येत होता. पुढच्या फेरीत निवड झाली.

श्रीवर्धन, पालक

मी शिकलेला नाही फारसा, मुलगी लिहून देते आहे. आमची सुपारीची वाडी 3 जून 2020 ला निसर्ग वादळात आडवी झाली. सुपारी लावली तरी फळ धरायला सहा-सात वर्षं. तोपर्यंत काय खायचं हा प्रश्न, त्यात मुलीला इंजिनिअरिंगला नंबर लागला. 8 जुलै 2024 चा सरकारचा जीआर आहे: कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, व्यावसायिक कोर्सला गेलेल्या मुलींना, आर्थिक दुर्बल, एसईबीसी, ओबीसी, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. आधी निम्मं होतं. मला हे कळलं मासळी घेताना, ज्या बाईकडून बोंबील घेतो तिची मुलगी फार्मसीला आहे.

कॉलेजात गेलो तर खिडकीवर सांगितलं, आधी भरा, सरकारचे आले की परत देऊ. मी म्हटलं, साहेब, भरायला असते तर आलो कशाला? मुलीने जीआरची प्रिंट काढून नेली होती, त्यावर पेन्सिलने रेघा मारलेल्या. तिने वाचून दाखवलं. माझी मान खाली, तिची वर. तासाभराने हमीपत्रावर प्रवेश दिला. होस्टेल आणि मेस यातून माफ नाही, ते लक्षात ठेवा, आम्ही तिथे फसलो.

रत्नागिरी, पीएच.डी. करणारा

माझं काम राजापूर तालुक्यातल्या सड्यांवर आहे, कातळशिल्पांच्या भोवती. यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली. 1 जानेवारी 2023 पासून ती महिना 37,000 आहे, त्यावर घरभाडं. गावात सगळे म्हणतात, तुझं बरं आहे. बरं आहे, पण दर महिन्याला संस्थेकडून दोन माणसांनी पोर्टलवर पुढे पाठवावं लागतं की हा मुलगा अजून काम करतोय. एक नोंद करतो, दुसरा तपासतो. आमचे तपासणारे निवडणुकीच्या ड्युटीवर गेले, मग आजारी पडले, मग मार्च आला. चार महिने पैसे नाहीत. घरमालकीण आजी रोज विचारायच्या, "दगड बघायचे पैसे देतात म्हणतोस, ते देतात कधी?" पाचव्या महिन्यात सगळे एकदम आले. मी आधी आजींचं भाडं दिलं आणि मग बाजारात जाऊन अख्खी सुरमई घेतली, मालकिणीसकट सगळ्यांना.

(खिडकीवाला) या सगळ्यावरून एक आठवलं. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख महाडजवळच्या नाते गावचे. 1912 साली मॅट्रिकला पहिले आले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली, आणि पुढे याच यूजीसीचे अध्यक्ष झाले. मी हे नव्या पोरांना सांगायचो. एकाने विचारलं, "सर, त्यांचं आधार लिंक होतं का?" मला उत्तर सुचलं नाही.

वेंगुर्ला, नुकताच पास झालेला

आमच्या वाडीच्या एसटी शेडमध्ये एक काळा फळा आहे, ग्रामपंचायतीने पाण्याच्या वेळा लिहायला लावलेला. कॉलेजात असताना मी तिथे शिष्यवृत्तीच्या तारखा लिहायला लागलो. नेटवर्क शेडमध्येच येतं, त्यामुळे सगळी पोरं तिथेच बसतात. पहिल्या वर्षी चौघांनी फॉर्म भरले, यंदा अकरा. फक्त फळा एकच. कबड्डीचे सामने, हरवलेली म्हैस, सगळं त्यावरच. आत्ता जाऊन बघितलं तर कोणीतरी माझं अर्धं पुसलंय. वर माझ्या अक्षरात राहिलंय "अर्ज भरण्याची शेवटची", आणि खाली दुसऱ्याच्या अक्षरात "सुरमई, संध्याकाळी पाचला, बंदरावर". खडू घेऊन परत निघालोय.